चंद्रावळीची पोथी

पान सहाशे बारा. उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलेलं – अर्धंच, जरासं वाकडं, वर जाड आणि खाली विरत गेलेलं... सत्यशीलानं पदराच्या टोकानं ते पुसून पाहिलं, तर जायच्या ऐवजी ते ओळीवर पसरलं आणि 'धुके' या शब्दाला तांबूस रंग चढला. आता जिंतूरच्या वाचनालयातले गृहस्थ नागनाथला पुन्हा विचारणार, कादंबरीला हळदकुंकू कोण वाहतं हो तुमच्याकडं? पहिल्या भागाच्या वेळी विचारलं होतं, दुसऱ्याच्या वेळीही, आणि तिचा हा नवरा दोन्ही वेळा नुसता हसून पुस्तक बदलून घेऊन आला होता. आई कादंबरीला पोथी समजते एवढं त्याला ठाऊक होतं, आणि त्याची त्याला मोठी गंमत वाटायची. बाकीचं ठाऊक नव्हतं. बाकीचं कुणालाच ठाऊक नाही, असं सत्यशीला धरून चालली होती.

सकाळचे साडेनऊ. नागनाथ धरणावर कामाला गेलेला, दोन्ही पोरं शाळेत, आणि सासू अंबाबाई – ती त्यांना आत्याबाई म्हणायची – येलदरीच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरच्या पायरीवर उन्हाला पाठ देऊन बसलेल्या. भाकरी थापून झाल्या होत्या, स्टोव्हवर वरण शिजत होतं. हा तिचा चोरून वाचायचा तास. दुपारी जे मोठ्यानं वाचायचं, ते सकाळी आधी एकटीनं वाचून ठेवायचं, असा तिचा नेम होता आणि चार महिन्यांत तो एकदाही चुकला नव्हता. शाळेत असताना अभ्यासाचा एवढा नेम पाळला असता तर... पण शाळा सातवीतच सुटली, आणि ती काही अभ्यासामुळं सुटली नव्हती.

तिनं पान उलटलं.

पुस्तक म्हणजे खरंच पुस्तक होतं. तीन भाग, एकेक भाग उशाला घ्यावा एवढा जाड. काळ देवगिरीच्या यादवांचा, आणि त्या काळात कधीच घडलं नसेल ते सगळं त्यात घडत होतं. कुंभाराघरची चंद्रावळ, जिच्या हातचं मडकं रिकामं ठेवलं तरी पहाटे भरलेलं सापडायचं. तिला पाणी बांधायची विद्या शिकवणारा आंधळा सिद्ध, जो नदीच्या आवाजावरून वर किती कोसांवर पाऊस झाला ते सांगायचा. जिभेखाली खडा धरून मुंग्यांचं बोलणं ऐकणारा कोतवाल... लिहिणाऱ्याला घाई म्हणून नव्हती. नुसत्या घोडेबाजाराची अकरा पानं. एक मंत्र कसा उच्चारावा यावरून दोन शास्त्र्यांचं भांडण, ते वीस पानं, आणि शेवटी दोघंही चुकलेले. दुसऱ्या कुणी ही पानं चाळून टाकली असती. सत्यशीलाला तीच अधिक आवडायची, कारण पुस्तक अजून किती उरलंय हे अंगठ्याखाली दाबून बघण्यात, आणि पुष्कळ उरलंय हे कळण्यात जे सुख होतं ते तिला आजवर दुसऱ्या कशात सापडलं नव्हतं. भाकरी थापताना ती देवगिरीत असायची. नळाच्या रांगेत उभी असताना तिच्या मनात खंदकाचं पाणी चढत असायचं, आणि एकदा तर पुढच्या बायका भरून निघून गेल्या तरी ही आपली घागर कमरेवर घेऊन जागच्या जागी, तेव्हा मागच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं होतं.

बांधलेलं पाणी भिंतीसारखं उभं राहतं, असं तिनं एकदा नागनाथला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "आमी बी तेच करायलोत की. आमाला मंत्र येत न्हाई, म्हनून सिमिट लागतं."

पोथीचं झालं ते असं. आषाढात पहिला भाग घरी आला तेव्हा ती पुटपुटत वाचत होती – तिला मनात वाचायची सवय पुढं याच पुस्तकानं लावली. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, देवळातल्या पोथीला जाणं दोन वर्षांपासून बंद. त्यांनी दारातून विचारलं, "कंची पोथी लावलीस गं?" आणि हिच्या तोंडून, का कोण जाणे, निघून गेलं – चंद्रावळीची. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट मांडलेला, पाटावर धुतलेलं फडकं, फडक्यावर हळदकुंकवाची कुयरी, उदबत्ती. "मोठ्यानं वाच. आन् लावलेली पोथी अर्ध्यात सोडायची नसती, मालूम हाय न्हवं?" मालूम होतं. पोथी लावली की समाप्तीला न्यायची, शेवटच्या दिवशी पुरण घालायचं, वाचणारीची ओटी भरायची. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं फक्त मनाशी पानांचा अंदाज घेतला, तर तिन्ही भाग मिळून ती अठराशेच्या वर होती. मधे नामांतराच्या बंदमुळं चार दिवस एसटी हलली नाही आणि तिसरा भाग जिंतुरातच राहिला, तर आत्याबाई ते चारही दिवस एकच वेळ जेवल्या. पोथी खंडली म्हणून.

खरं सांगून टाकायला काय झालं होतं... की आत्याबाई, ही पोथी नव्हे, ही गोष्ट आहे, हिच्यात जादू आहे. पण तो शब्द. त्या शब्दापाशी येऊन ती अडायची.

सत्यशीला मनाशी म्हणायची, जादू म्हटलं की कुणाला जत्रेतला पत्तेवाला आठवतो, कुणाला आणखी काही. मला आई आठवते. दारातल्या लिंबाखाली पोतं अंथरून बसलेली माझी आई, दगडाबाई, आणि तिच्यापुढं कुठून कुठून आलेली काविळीची, पिवळ्या डोळ्यांची माणसं. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून ती त्यांच्या गळ्यात माळ घालायची, ओठांतल्या ओठांत काही म्हणायची, आणि ती माळ – मी डोळ्यांनी पाहिलंय – दिवसागणिक लांबत जायची. आज गळ्याशी, चार दिवसांनी छातीवर, आठ-दहा दिवसांनी पोटापर्यंत. तोवर माणूस भाकरी मागायला लागलेलं असायचं. कशी लांबते गं, असं मी विचारलं की आई म्हणायची, मला येतं म्हनून. एवढंच. तिनं कधी देवाचं नाव पुढं केलं नाही...

मग एका पावसाळ्यात गावातलं एक मूल माळ गळ्यात असताना गेलं. दगड कुणी मारला नाही. तसलं काही झालंच नाही. नुसतं लिंबाखालचं पोतं रिकामं राहायला लागलं. करणी करते म्हणाले. संक्रांतीला आईनं वाण नेलं, तर एका बाईनं कुंकू लावून घेतलं आणि कोपऱ्यावर वळताच पदरानं कपाळ पुसलं. सत्यशीला मागनं येत होती, तिनं ते पाहिलं. शाळेत तिच्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली, मग पुढचीही, मग मागचीही. मामानं तिला परभणीला नेलं, लग्नही तिथूनच लावलं, आणि येलदरीच्या पाहुण्यांना सांगितलं की आईला चालवत नाही, ती काही येऊ शकत नाही. आई चांगली चालत होती. मरेपर्यंत चालत होती, पण या घराची पायरी तिनं कधी पाहिली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, आईला जाऊन नऊ. आणि या सोळा वर्षांत सत्यशीलानं या घरात आईबद्दल जे सांगितलं ते पाच-सहा वाक्यांच्या वर नव्हतं.

म्हणून मग चंद्रावळीची जादू तिनं देवीच्या पदरात घातली. पुस्तकात चंद्रावळ खंदकाकाठी उभी राहून सात अक्षरं उच्चारते आणि पाण्यातून धुकं उठतं, उत्तरेची फौज त्यात वाट चुकते. पाटावरच्या वाचनात चंद्रावळीनं हात जोडले आणि देवीनं धुकं पाठवलं. आंधळा सिद्ध साधुमहाराज झाला. शास्त्र्यांचं मंत्रावरचं भांडण आरतीवरचं भांडण झालं. कोतवालानं तिला दोन दिवस घाम फोडला. शेवटी तो मुंग्यांना साखर घालणारा एक भाविक माणूस झाला, आणि त्याच्या पुण्याईनं त्याला चोर सापडायला लागले. हे सगळं जुळवायला सकाळचा तास लागायचा. कधी कधी तर तिला स्वतःच्याच हुशारीचं हसू यायचं – अर्धी कादंबरी लिहिणाऱ्याची, अर्धी माझी. पण सकाळी एकटी वाचताना छातीत जे भरून यायचं, चंद्रावळीनं हात उचलला की अंगावर जो काटा यायचा, तो दुपारी मोठ्यानं वाचताना कधी आला नाही. दुपारी ती नुसती राखण करायची.

आणि आज हे प्रकरण.

फौज गेली होती, देवगिरी वाचली होती, पण पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि लोक म्हणायला लागले की धुक्यात हिनं गावाचं पाणी उडवून टाकलं. चंद्रावळीला वेशीपाशी आणलं. लोकांच्या हातात दगड होते. एक म्हातारा पाटील पुढं झाला, माणूस वाईट नव्हता, तो तिला समजावून म्हणाला – 'म्हण, देवीने केले. मी काही केले नाही. एवढे म्हण आणि घरी जा.' आणि चंद्रावळ म्हणाली – 'देवीचे काम देवीने केले असेल. धुके मी केले.'

सत्यशीलानं पुस्तक मिटलं. वरण उतू जाऊन स्टोव्ह फडफडत विझला, तरी ती उठली नाही.

हे कसं फिरवायचं? चार महिने मी तिला जे म्हणायला लावलं, तेच हे लोक तिला दगड दाखवून म्हणायला लावतायत. देवीनंच केलं असेल तर भांडण कशाचं, वेशीपाशी आणलं कशाला, दगड कशाला... प्रकरण गाळावं, तर आत्याबाई अध्याय मोजतात. डोकं दुखतंय म्हणून आजचं वाचन चुकवावं, तर समाप्ती उद्यावर आलेली आणि कासाबाई परवा निघणार. कासाबाईची मेंढरं होती. रोज दुपारी लोकर आणि चाती घेऊन ती पोथीला येऊन बसायची, ऐकता ऐकता सूत काढायची, आणि दिवाळी झाली की त्यांचा कळप पूर्णेच्या खालच्या अंगाला हलायचा. तिकडंच सत्यशीलाचं माहेर. त्या गावच्या शिवारात आमी दरसाल मेंढरं बसवतो, असं कासाबाई एकदा सहज बोलून गेली होती, आणि त्या रात्री सत्यशीलाला झोप नव्हती. आज चेटूक, करणी असे शब्द माझ्या तोंडून हिच्या कानावर पडले, आणि उद्या तिकडच्या बांधावर कुणी विचारलं, की येलदरीला दगडाबाईची लेक दिलीय ती कशी आहे...

दुपारी दोन वाजता पाट मांडला गेला. कासाबाई आली, भिंतीला टेकली, चाती फिरायला लागली. आत्याबाईंनी चाचपत पुस्तकाला हळद लावली, कुंकू लावलं. आजचं बोट बरोबर मधोमध पडलं.

तिनं वाचायला सुरुवात केली. विहिरी आटल्या, ते वाचलं. लोक कुजबुजले, ते वाचलं. वेस आली. लोकांनी चंद्रावळीला नवस फेडायला वेशीपाशी आणलं – असं तिनं मनानंच सांगितलं, आणि पुढं काय सांगायचं ते तिला सुचेना. दगडांची तिनं फुलं केली. मग फुलं घेऊन आलेले लोक एवढे चिडलेले का, हे काही जुळेना. कासाबाईची चाती थांबली. "मंग फुलं घेऊन आल्यात, आन् वरडायलेत कामून?"

सत्यशीलानं पानाकडं पाहिलं. म्हाताऱ्या पाटलाची ओळ समोर होती. एवढे म्हण आणि घरी जा. एवढं म्हणून मी सोळा वर्षं घरीच आहे... आणि आईनं तर ते एकदाही म्हटलं नाही.

"फुलं न्हाईत," ती म्हणाली. "दगड हायेत. चुकलं माजं." आणि तिनं वेशीपासून पुन्हा सुरू केलं, जसं लिहिलं होतं तसं. चेटकीण हा शब्द आला, तो वाचला. पाटील बोलला. चंद्रावळ बोलली. 'धुके मी केले.' त्या ओळीला सकाळी आला तोच काटा आत्ता दुपारी, दोघींच्या देखत तिच्या अंगावर आला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती वाचत राहिली. गर्दी गप्प झाली. कुणाचा तरी हात वर गेला. तिथं प्रकरण संपलं होतं.

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"म्हंजी," कासाबाई सावकाश म्हणाली, "धुकं तिनंच केलतं?"

"व्हय."

"आन् मुंग्यावाला कोतवाल?"

"त्याला मुंग्यांचं बोलनं कळायचं. खडा व्हता त्याच्याकडं."

कासाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तिला आठवलं की आपल्याला परवा निघायचंय, आणि ती अगदी मनापासून रागावली. "चार महिने मला साखर घालनारा सांगितला व्हय. मंग मला ते समदं पयल्यापासून सांगावं लागतंय बघ तुला."

"मला मालूम व्हतं," आत्याबाई म्हणाल्या.

सत्यशीलानं मान वर केली.

"वाचतानी तुजा आवाज खाली पुस्तकात पडतो. मनचं सांगाया लागलीस की मान वर येती, आवाज माज्याकडं येतो. डोळे गेलेत, कान हायेत की."

नदीच्या आवाजावरून वरचा पाऊस ओळखणारा सिद्ध... आणि मी त्याला साधुमहाराज केलं, त्याच्याच पुढं बसून. सत्यशीलाला एकदम हसू आलं, रडू अजून थांबलेलं नसताना. "मंग बोलला कामून न्हाईत?"

"बोलून काय करू. येशील आपसूक म्हनलं."

कासाबाई चाती गुंडाळून उठली; मेंढरं परतायची वेळ झाली होती. उद्या समाप्ती आहे, लवकर येते, आणि कोतवालाचं मात्र मला न्यारं सांगायचं, असं दारातून दोनदा बजावून ती गेली. सत्यशीला फडकं उचलायला वाकली. आत्याबाई तिच्याकडं नव्हे, दाराच्या उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या.

"नागनाथ पाच वर्साचा व्हता," त्या म्हणाल्या. "डोळे हाळदीवानी झालते. दोन मुक्काम करून नेला तिकडं. तुज्या मायनं घातलेली माळ, इथवर आलती." त्यांनी स्वतःच्या पोटाला हात लावला. "लय खमकी बाई. पैका घेतला न्हाई. मी म्हनलं, देवानं वाचवलं लेकराला. तर म्हनली, देवानं वाचवलं असंल, माळ मी केली."

मग त्या म्हणाल्या, "च्या ठेव जरासा."

सत्यशीला उभीच राहिली. विचारायचं पुष्कळ होतं. म्हणजे मामानं स्थळ सुचवलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, की नंतर कळलं? ठाऊक असून मला आणलंत, की ठाऊक होतं म्हणूनच आणलंत? आणि मग सोळा वर्षं... एकदा तरी तिला बोलावायचं, ही पायरी तरी दाखवायची. या शेवटच्या प्रश्नाशी थोडा रागही आला, खराच राग, आणि तो कुणावर धरावा हे कळेना. बोलावणं तर तिनं स्वतःही कधी धाडलं नव्हतं. ते विचारायला हवं. आज नाही तर उद्या, समाप्ती झाल्यावर, किंवा नागनाथ असताना. पण विचारता येईल, या घरात बसून आईचं नाव घेऊन विचारता येईल, हे एवढं मोठं होतं की तिला खाली बसावंसं वाटलं. ती बसली. स्टोव्हला पिन मारायला हवी होती, सकाळचं वरण त्यावर वाळून बसलं होतं. तिनं पिन शोधली, पिन मारली, पंप केला, पाणी ठेवलं. हात हलके झाले होते. नेहमीची कामं, पण आज कुणी मागं उभं राहून बघत नसल्यासारखी.

चहा झाला. आत्याबाईंनी पायरीवर जाऊन तो बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला. पुरणाची डाळ उद्या पहाटेच भिजत घाल, म्हणाल्या. बरं, म्हणाली.

पोरं यायला अजून अर्धा तास होता. पुस्तक पाटावर होतं. तिनं ते उचलून मांडीवर घेतलं आणि सवयीनं उरलेली पानं अंगठ्याखाली दाबली – तीसेक असतील, फार तर पस्तीस. शेवटचं प्रकरण. वर गेलेल्या त्या हातातला दगड सुटतो की नाही, चंद्रावळ जगते की नाही, हे सगळं त्या तीस पानांत होतं आणि ती पानं अर्ध्या तासात सहज वाचून झाली असती. उद्यासाठी वाचून ठेवायला हवं, असं मन म्हणालं... आणि मग तिच्या लक्षात आलं की वाचून ठेवायला नको. उद्या काही फिरवायचं नाही. उद्या दुपारी कासाबाईला जेव्हा कळेल, आत्याबाईंना जेव्हा कळेल, तेव्हाच मलाही कळेल.

चंद्रावळ मरेलही. लिहिणाऱ्याचा काय भरवसा. तरी तिनं पुस्तक उघडलं नाही. पोरांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत ते तसंच मिटलेलं मांडीवर धरून, पुढं काय होणार हे ठाऊक नसताना, ती पायरीवर आत्याबाईंच्या शेजारी बसून राहिली.